एकाचे पाच

३ मार्च, सोमवार

भिंगरी,

या नावानं हाक मारू नका असं तू मला बजावलं होतंस, तरी लिहिलं. आधी तुझं कागदोपत्री नाव लिहून पाहिलं, तर मीटर बदलून मिळण्यासाठी अर्ज करतोय असं वाटायला लागलं. ते फाडलं आणि नवा कागद घेतला.

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं, सहा ओळींचं, खाली पूर्ण नावाची सही. चार वर्षांनी लेकीचं पत्र येतं आणि त्यात वर 'विषय' लिहिलेला असतो, हे मी पक्कडला दाखवलं. पक्कड म्हणजे माझा जोडीदार मेकॅनिक, तुला आठवत असेल, खिशात पेनाऐवजी पक्कड ठेवून हिंडणारा. तो पोट धरून हसला. मीही त्याच्याबरोबर हसलो.

आधी कामाचं. तुझ्या आईचे दोनशे शेअर माझ्याकडे सुखरूप आहेत. औषधांच्या कंपनीत सव्वीस वर्षं पॅकिंगला उभी राहिली, त्यातले काही कंपनीनं दिले, काही तिनं बोनसमधून घेतले, आणि पहिल्या दिवसापासून 'हे पोरीचे' असंच म्हणायची. ती गेल्यावर ते माझ्या नावावर झाले, पण मी हात लावलेला नाही. खरं म्हणजे हात कसा लावतात हेच मला ठाऊक नव्हतं. जन्म गेला लिफ्टच्या दोरांना ग्रीस लावण्यात. आता पक्कडनं मोबाइलवर ॲप घालून दिलंय. आज एका शेअरचा भाव चार हजार शंभर आहे. म्हणजे सगळे मिळून आठ लाख वीस हजार. तुला आठ लाख हवेत. तुझ्या आईनं नेहमीसारखं मापात शिवलंय बघ.

ज्यांच्या हाताखाली तू काम करतेस ते म्हातारे डॉक्टर दवाखाना बंद करून निघालेत, जागेचा मालक एकतीस तारखेपर्यंत तुझ्यासाठी थांबेल, नाहीतर मोबाइलच्या दुकानाला जागा देईल, हे सगळं समजलं. दुकानापेक्षा कुत्र्या-मांजरांचा दवाखाना केव्हाही बरा, असं मी म्हणणं तुला विचित्र वाटेल. फोनवर मीच तोंड सोडलं होतं ना, की माणसांची डॉक्टर झाली असतीस तर एकवेळ मिरवलं असतं. त्यावर तू फोन आपटलास. आई गेल्याचा तेवढा फोन उचललास, त्यानंतर माझा एकही उचलत नाहीस, म्हणून हा कागदाचा खटाटोप. आई गेली तेव्हा आलीस, दोन दिवस राहिलीस, आणि सगळं बोलणं शेजारच्या मावशींमार्फत केलंस.

'आईचे काही कागद अथवा निरोप असल्यास कळवावे' असं शेवटच्या ओळीत आहे. कागद पाठवतो. निरोप काही नाही. दवाखान्यात नेलं तेव्हापासून तिला शुद्धच नव्हती, हे तुला माहीतच आहे.

पुढच्या आठवड्यात शेअर विकून पैसे पाठवतो. काळजी करू नकोस.

बाबा


११ मार्च, मंगळवार

भिंगरी,

शेअर अजून विकलेले नाहीत, आणि का विकले नाहीत ते वाचलंस की खुर्चीतून उठशील.

कंपनीचं पत्र आलंय. एकवीस तारखेला एका शेअरचे पाच होणार. याला स्प्लिट म्हणतात. आपल्याला काही भरायचं नाही, सही करायची नाही, नुसतं त्या दिवशी शेअर धरून बसायचं. दोनशेचे होणार हजार! आणि हजार गुणिले चार हजार शंभर किती होतात ते मी कॅल्क्युलेटरवर तीनदा करून पाहिलं. एक्केचाळीस लाख.

तुला भाड्याची जागा घ्यायची गरजच नाही, सरळ विकत घे. एक्स-रेचं मशीन घे. जनावराला झोपवायचं टेबल वर-खाली होणारं असतं ना, ते घेताना मला विचार, त्यातलं हायड्रॉलिक मला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नकोस. तुझी आई सव्वीस वर्षं गोळ्यांची पाकिटं मोजत होती, तिला कुणी सांगितलं असतं की यातून पोरीचा दवाखाना उभा राहील, तर ती म्हणाली असती, आधी हात धुवा, जेवायला बसा.

मी आंधळेपणानं थांबलेलो नाही, हे लक्षात घे. ब्रोकरच्या ऑफिसात जाऊन तिथल्या मॅडमना भेटलो. त्यांनी सगळं व्यवस्थित समजावून सांगितलं. पत्रात 'दर्शनी मूल्य दहावरून दोन' असंही एक वाक्य आहे, पण ती नुसती कागदावरची भाषा असते.

एकवीस तारखेला विकले तरी एकतीसच्या आत पैसे तुझ्या हातात पडतात. तुझ्या मालकाला सांग, दहा दिवस दम धर.

बाबा


१५ मार्च, शनिवार

भिंगरी,

तुझा मेसेज मिळाला. 'थांबू नका. लगेच विका.' चार शब्द. निदान 'बाबा' हा पाचवा घातला असतास तर काही झिजली नसतीस.

मी विकणार नाही. एकवीसपर्यंत नाही. तू जनावरांची डॉक्टर आहेस, शेअरबाजारातली नाहीस, आणि मीही काही दूधखुळा नाही. मॅडमनी समजावलंय म्हणून लिहिलं ना मागच्या पत्रात? तुझा माझ्यावर विश्वास नाही हे मला आठ लाखांच्या बाबतीतही दिसतंय. माझ्या हातानं तुझं काही भलं होऊ शकतं हे तुला मान्यच करायचं नाहीये.

एक सांगतो. पैसे बँकेतून पाठवणं सोपं आहे, पण तू बावीस तारखेला स्वतः ये. सही-शिक्क्याची गरज नाही. घरी ये, बस, चहा घे, आणि घेऊन जा. एवढं माझं ऐक.

बाबा


२१ मार्च, शुक्रवार

भिंगरी,

शेअर विकले. एक लाख बासष्ट हजार चारशे आले.

हे वाक्य वाचून तू पत्र खाली ठेवलं असशील. ठेव, पण पुन्हा उचल.

आज सकाळी मी आणि पक्कड एका अकरा मजली इमारतीच्या गच्चीवर, मशीनरूममध्ये होतो. सातव्या-आठव्याच्या मध्ये लिफ्ट अडकली होती, आत तीन माणसं. वीज बंद करायची, ब्रेक सोडवायचा आणि चाक हातानं फिरवून लिफ्ट मजल्याला आणायची, दहा मिनिटांचं काम. पण बाजार उघडला होता आणि आज एकवीस तारीख. मी म्हटलं, एक मिनिट, नुसतं बघतो.

शेअर दोनशेच होते. हजार झालेच नव्हते. आणि भाव होता आठशे अठ्ठावीस. काल संध्याकाळी चार हजार एकशे तीस होता. वर लाल अक्षरात लिहिलेलं, ऐंशी टक्के खाली.

मी चष्मा पुसला. ॲप बंद करून पुन्हा उघडलं. पक्कडला दाखवलं. तो म्हणाला, "अरे, कंपनी बुडाली काय? गोळ्यांत काही विषबिष निघालं असेल."

ब्रोकरच्या ऑफिसला फोन लावला, तर ती गोड आवाजाची बाई, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. पुन्हा लावला, पुन्हा तीच बाई. तोवर आठशे वीस. मग आठशे पंधरा. खालून लिफ्टमधल्या माणसांनी दार बडवायला सुरुवात केली होती, एका बाईचा रडका आवाज शाफ्टमधून थेट वर येत होता. पक्कड म्हणाला, "मी चाक धरतो, तू ब्रेक सोड, चल." मी म्हटलं, थांब. आत तीन माणसं अडकलेली आणि मी त्यांना थांब म्हटलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत कधी केलं नव्हतं.

"विकू का रे?"

"मला काय विचारतोस? आहे ते तरी वाचव."

आठशे बाराला विकले. ते बटणही दोनदा चुकलं.

मग चाक फिरवलं, लिफ्ट आठव्याला लावली, दार उघडलं. ती बाई बाहेर आली आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाली, देवासारखे आलात हो. पक्कड दुसरीकडे बघायला लागला.

दुपारनंतर सुट्टी टाकून घरी आलोय आणि हे लिहितोय. आता तुझ्यापाशी एक कबूल करायचंय. मी त्या मॅडमना भेटलोच नव्हतो. दारापर्यंत गेलो होतो. काचेतून आत पाहिलं, सगळे स्क्रीनसमोर बसलेले, कुणी मान वर करत नव्हतं. एकसष्ट वर्षांच्या माणसानं, कोपरापर्यंत ग्रीस लागलेल्या हातांनी आत जाऊन, 'स्प्लिट म्हणजे काय हो?' विचारायचं. मी दारातूनच वळलो. जिना उतरलो, पक्कडला विचारलं. पक्कडला माझ्याइतकंच कळतं. मग तुला लिहिलं की मॅडमनी समजावलं.

तू चार शब्दांत सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही.


२२ मार्च, शनिवार, सकाळ

कालची पानं आत्ता पुन्हा वाचली. त्यांना जोडूनच लिहितो.

पैसे गेले तेव्हा मला काय वाटलं ते सांगू? आठ लाख गेल्याचं वाटायला हवं होतं, पण आधी असं वाटलं, आता ती येणार नाही. मला तुला पैसे द्यायचे होते ते त्यासाठीच. तू इथं खुर्चीवर बसून 'बाबांनी हे तरी नीट केलं' असं म्हणावंस, म्हणून एकाचे पाच होईपर्यंत थांबलो. लोभ होताच. नाही म्हणत नाही. पण लोभ पैशाचा एवढा नव्हता.

आता ते होणार नाही. तू माझ्याविषयी चांगलं काही म्हणावंस असं माझ्याकडे काही उरलं नाही. मग जे झाकून ठेवलंय ते तरी कुणासाठी झाकू?

तुझ्या आईला शुद्ध होती.

दवाखान्यात नेलं त्या मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत, चार दिवस, ती चांगली बोलत होती. धाप लागायची, पण बोलत होती. शुद्ध गेली ती शनिवारी पहाटे, आणि सकाळी ती गेली. तुला फोन केला तो त्यानंतर. आणि सांगितलं की आणलं तेव्हापासूनच बेशुद्ध होती.

ती रोज तुला विचारत होती. पहिल्या दिवशी मी सांगितलं की कळवलंय. दुसऱ्या दिवशी सांगितलं की तुझी परीक्षा चालू आहे, संपली की निघतेस. तुझी परीक्षा तेव्हा नव्हतीच. तिचा मोबाइल घाईत घरीच राहिला होता. तिथली एक नर्स होती, ठेंगणी, मोठ्या आवाजाची. ती म्हणाली, "काका, नंबर द्या, मी लावून देते, बोलू द्या मायलेकींना." मी म्हटलं, मोबाइलला चार्जिंग नाही. तो माझ्या खिशात वाजत होता.

का, ते लिहितो, पण ते कारण म्हणून वाचू नकोस. मला वाटत होतं ती बरी होऊन घरी येणार. डॉक्टरही तसंच म्हणाले होते. आणि आपल्या भांडणाला दोन महिने झाले होते. मला तुझा फोन आधी यायला हवा होता. मी आधी केला असता तर मी हरलो असतो. एवढंच. एवढ्यासाठी.

तिनं विश्वास ठेवला माझ्यावर. रागावली नाही तुझ्यावर. पेपर कसे गेले असतील, जेवत असेल की नाही, यातच राहिली.

हे रजिस्टरनं पाठवतोय, म्हणजे तुझ्याच हातात पडेल. एक लाख बासष्ट हजार बँकेत जमा झाले की तेही पाठवीन. बाकीचे फेडायला मला वेळ लागेल.

बाबा


२४ मार्च, सोमवार, दुपारी साडेतीन

भिंगरी,

हे पान पाकिटातून आधी हाताला लागलं असेल तर बाजूला ठेव. मागची पानं आधी वाच, मग इकडे ये.

मी पोस्टातल्या उभ्या टेबलाशी आहे, दोरीला बांधलेल्या पेनानं लिहितोय. टपालाची बॅग चार वाजता जाते, म्हणून झरझर लिहितो.

आज सकाळी शेवटी त्या ऑफिसात गेलो. विचारायला नाही, भांडायला गेलो होतो. कंपनी बुडत होती तर निदान फोन उचलायचात, असं बोलायचं ठरवून गेलो आणि बोललोही. मॅडमनी ऐकून घेतलं. तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. म्हणाल्या, "काका, बसा. कोणती कंपनी?" नाव सांगितलं. त्यांनी माझं खातं उघडलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

आठशे शेअर.

मी म्हटलं, "हे माझे नाहीत. माझे मी शुक्रवारी विकले."

"किती विकले?"

"होते तेवढे. दोनशे."

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "पाचशेची नोट आहे तुमच्याकडे?" मी दिली. त्यांनी ड्रॉवरमधून शंभराच्या पाच काढून माझ्यापुढे ठेवल्या. "आता सांगा, तुम्ही श्रीमंत झालात की गरीब?"

"दोन्ही नाही. खिसा जाड झाला."

"मग झालं तर! स्प्लिट म्हणजे एवढंच. एकाचे पाच झाले, पण प्रत्येकाची किंमतही पाचवा हिस्सा झाली. चार हजारांची वस्तू छोट्या माणसाला परवडत नाही, आठशेची परवडते, म्हणून कंपनी सुटे करून देते. त्यात कमाईही नाही आणि तोटाही नाही."

"पण मला दोनशेच दिसत होते."

"भाव पहिल्याच सकाळी कमी दिसतो. वाढीव शेअर खात्यावर यायला एक-दोन दिवस लागतात, त्यात शनिवार-रविवार आला. तुम्ही हजारातले दोनशे विकलेत काका. शुक्रवारी आमचे सगळे फोन ह्याच एका प्रश्नानं वाजत होते."

म्हणजे मी दोनदा चुकलो. आधी शेअर पाचपट होणार एवढंच धरलं आणि भाव उतरणार ते सोडलं. मग भाव उतरला तेवढंच पाहिलं आणि शेअर यायचेत ते सोडलं. 'दर्शनी मूल्य दहावरून दोन' ही ओळ तेच सांगत होती. तुझे चार शब्दही तेच सांगत असावेत.

उरलेले आठशे तिथंच, त्यांच्यासमोर, आठशे पस्तीसला विकले. सगळे मिळून आठ लाख तीस हजार चारशे होतात. शुक्रवारी घाई केली नसती तर आणखी चार हजार सहाशे आले असते, तेवढा माझ्या अकलेचा दंड. परवापर्यंत सगळे तुझ्या बँकेत पोहोचतील. जागा जात नाही.

ऑफिसातून बाहेर पडलो आणि जिन्यातच आठवलं, पाकीट.

शनिवारी काउंटरवरचा माणूस म्हणाला होता की आजची बॅग गेली, हे सोमवारी चारला जाईल. मी पळालो. या वयात असा पळालो की रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. इथं आलो, पावती दाखवली, म्हटलं पत्र परत हवंय. त्यानं फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता, 'पत्र परत घेण्याचे कारण'. मी लिहिलं, 'चुकीची माहिती'.

त्यानं आत जाऊन पाकीट शोधून आणलं. मी तिथंच फोडलं. कालपरवाची... म्हणजे शनिवारची पानं, आईची, वेगळी काढली, चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवली. भिंगरी, खोटं कशाला लिहू, मला इतकं हलकं वाटलं! पैसे सुखरूप, तू सुखरूप, आणि ते चार दिवस पुन्हा माझ्या खिशात. नुसतं एक पान लिहायचं, 'घोटाळा झाला होता, निस्तरला, पैसे येतायत', आणि तू कदाचित आलीही असतीस चहाला.

काउंटरवरचा माणूस फॉर्मवर शिक्का मारत होता. त्यानं कारण वाचलं आणि सहज विचारलं, "काय चुकलं होतं?"

"पैशांचं चुकीचं लिहिलं होतं."

"आणि बाकीचं?"

मी म्हटलं, "बाकीचं बरोबर आहे."

"मग बाकीचं जाऊ द्या की. नवं पाकीट देऊ का?"

त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याला फक्त पुढच्या माणसाला बोलवायचं होतं.

खिशातली पानं काढून पुन्हा आत घातलीत. शुक्रवारची, शनिवारची, सगळी. चारला दहा कमी आहेत. तो पाकिटासाठी हात पुढे करून उभा आहे.

बाबा


२ एप्रिल, बुधवार

भिंगरी,

काल तू फोन केलास. काय बोललो ते तुला माहीत आहे, पण मला एकदा कागदावर मांडू दे, नाहीतर उद्या मी त्यातलं सोयीचं तेवढंच लक्षात ठेवीन.

मी जेवणाच्या सुट्टीत होतो, पक्कड समोर डबा उघडून बसला होता. तुझं नाव दिसलं आणि मी फोन उचलला. तू म्हणालीस, "पैसे मिळाले. काल जागेचे कागद झाले." मी बरं म्हटलं. मागे कुठलंतरी कुत्रं भुंकत होतं, तू त्याला 'गप रे' म्हणालीस, आणि मग विचारलंस, "आई चार दिवस बोलत होती?"

"हो."

तू फोन ठेवलास.

पक्कडनं डबा झाकला. त्याला मी शनिवारीच सगळं सांगितलं होतं. वीस मिनिटं आम्ही दोघं तसेच बसून होतो. मग पुन्हा फोन वाजला.

या वेळी तुझा आवाज रडल्यानंतरचा होता, पण बोलणं स्वच्छ होतं. म्हणालीस, "मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करीन असंही समजू नका."

मी म्हटलं, नाही समजत.

"चार वर्षं मी हेच धरून बसले की तिला काही कळलंच नसेल. मी नव्हते हेही कळलं नसेल. आणि तिला वाटत होतं मी परीक्षा देतेय?"

"हो."

"तिला राग आला होता?"

"नाही. एकदाही नाही."

पुन्हा ते कुत्रं. मग तू म्हणालीस, "मला ते चार दिवस हवेत. एकेक दिवस वेगळा. काय खाल्लं, काय बोलली, कुणाशी बोलली, सगळं. लिहून पाठवा. फोनवर नको, फोनवर तुम्ही गोड तेवढंच सांगाल. आणि तुम्ही काय काय बोललात तेही लिहा. तुमचे शब्द बदलू नका."

मी विचारलं, चारही एकदम पाठवू?

"नाही. एका पत्रात एक. मला एका वेळी तेवढंच झेपेल."

आज सुट्टी घेतलीय. सकाळपासून आठवतोय, आणि आठवतंय. मला वाटलं होतं विसरलो असेन.

पहिला दिवस, मंगळवार. अकरा वाजता तिला चक्कर आली, साडेअकराला आम्ही दवाखान्यात होतो. खाली तपासलं आणि वर तिसऱ्या मजल्यावर न्यायला सांगितलं. लिफ्ट मजल्याच्या दोन बोटं खाली थांबली होती, त्यामुळे स्ट्रेचर आत घेताना चाकं आपटली. ती कळवळली. मग डोळे उघडून माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमच्या कंपनीची का हो ही?" मी म्हटलं, नाही, दुसऱ्यांची आहे. "तरीच," म्हणाली आणि हसली. वॉर्डबॉयही हसला. दार लागलं. वर जाताना तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि विचारलं, "पोरीला कळवलंत?"

पहिला मजला गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला दार उघडलं तेव्हा म्हणालो, "हो, कळवलं."

"मग येईल ती," असं म्हणून तिनं माझं मनगट सोडलं.